आजोबांचं रिव्हॉल्व्हर कोणत्या वर्गात बसतं?

वाचकांचे प्रश्न : शस्त्र परवाना

मागच्या अंकात या विषयावर प्रश्न मागवले आणि पत्रांचा ढीग लागला. ग्वाल्हेर-चंबळ भागात लायसनी हत्यार ही घरातल्या कपाटाइतकीच ओळखीची वस्तू, त्यामुळे नवल वाटलं नाही. नवल याचं की बहुतेकांना हत्याराचा मेक तोंडपाठ आहे, पण परवान्यावर काय लिहिलंय ते ठाऊक नाही. कायदा देशभर एकच: १९५९ चा शस्त्र अधिनियम, त्याखालचे २०१६ चे नियम आणि डिसेंबर २०१९ ची दुरुस्ती. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत; कंसात पत्र आलं तो ग्वाल्हेरचा भाग.

प्रश्न : आजोबा संस्थानच्या फौजेत होते. वडील मार्चमध्ये गेले. त्यांच्या ट्रंकेत एक जुनं रिव्हॉल्व्हर, चामड्याचं कव्हर आणि अकरा काडतुसं निघाली. वडिलांच्या नावाचा परवानाही आहे, पण त्याची मुदत २०११ मध्ये संपलेली. नळीवर .४५५ असं कोरलंय. घरात ठेवलं तर चालेल का? माझ्या नावावर होईल का? (लष्कर)

घरात ठेवून चालणार नाही. परवानाधारक गेला की त्याचा परवाना वारसाला आपोआप मिळत नाही, आणि इथे तर परवाना आधीच संपलेला होता. अधिनियमाचं कलम २१ अशा वेळी सांगतं की हत्यार आणि काडतुसं विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची. 'विनाकारण उशीर' म्हणजे तेरावा होईपर्यंत थांबलात तर कुणी बोलणार नाही, पण तीन महिने झाले की खुलासा द्यावा लागेल.

आधी हातांविषयी. या बोअरची, म्हणजे नळीच्या या मापाची, जुनी ब्रिटिश रिव्हॉल्व्हरं बहुधा मधून मोडणारी असतात: मागच्या हातोडीशेजारचा खटका अंगठ्याने दाबला की नळी खाली झुकते आणि सिलिंडर उघडं पडतं. हे वाचून तुम्ही ते करून बघू नका. दशकानुदशकं पडलेल्या तेलाचा चिकट राळेसारखा थर होतो, खटका अर्धवट बसतो, आणि आत काडतूस आहे की नाही हे बाहेरून ठरत नाही. नळीचं तोंड भिंतीकडे ठेवून ट्रंक बंद करा आणि खोलीला कुलूप लावा.

मग ठाण्यात जा, पण हत्यार न घेता. पिशवीत घालून रिक्षाने नेलंत आणि वाटेत नाक्यावर तपासणी झाली, तर तुम्ही बिनपरवाना अग्निशस्त्र बाळगणारे ठरता. २०१९ पासून त्याची शिक्षा दोन ते पाच वर्षं आहे. साध्या कागदावर दोन प्रतींत अर्ज लिहा: वडिलांचं नाव, मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक, हत्यार कुठे आणि कसं सापडलं, काडतुसं किती. सोबत मृत्यूचा दाखला आणि जुन्या परवान्याची छायाप्रत जोडा. एका प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. त्यानंतर ठाण्याचा माणूस घरी येईल किंवा केव्हा आणायचं ते तुम्हाला सांगितलं जाईल.

जमा केल्याची पावती नीट वाचून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर चालतं. 'एक जुनं रिव्हॉल्व्हर' एवढंच लिहिलेली पावती निरुपयोगी. मेक, बोअर, सांगाड्यावरचा क्रमांक (बऱ्याचदा तो सिलिंडरवरही असतो, दोन्ही जुळतात का पाहा), काडतुसांची संख्या, कव्हर आणि बाहेरून दिसणारी अवस्था हे सगळं त्यात हवं. गंजामुळे क्रमांक वाचता येत नसेल तर पावतीवर तसंच लिहून घ्या. घरी कानस किंवा पॉलिश पेपर फिरवू नका. क्रमांक पुसणं हा कलम ८ खाली वेगळा गुन्हा आहे आणि 'साफ करत होतो' हे कुणी मानत नाही.

आता वर्ग. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत अग्निशस्त्रांचे वर्ग आहेत. वर्ग १(अ) म्हणजे निषिद्ध शस्त्रं: घोडा दाबून धरला तर गोळ्या सुटतच राहतात ती स्वयंचलित हत्यारं, तोफा वगैरे. वर्ग १(ब) आणि १(क) ही मर्यादित शस्त्रं. वर्ग ३ म्हणजे सामान्य नागरिकाला परवाना मिळू शकतो ती. तुमचं रिव्हॉल्व्हर १(क) मध्ये जातं. कारण त्याचं वय नाही, आकारही नाही. अनुसूचीचे शब्द काडतुसाविषयी आहेत: .३८० किंवा .४५५ ची कडावाली काडतुसं, किंवा फौजेची ९ मि.मी. काडतुसं ज्या पिस्तुलात, रिव्हॉल्व्हरात बसतात आणि उडतात ते १(क). फौजेतून काडतुसं चोरून बाहेर चालवता येऊ नयेत, हा या ओळीमागचा जुना हिशेब. तेच रिव्हॉल्व्हर .३२ चं असतं तर वर्ग ३(अ) मध्ये आलं असतं आणि तुमची फाइल जिल्ह्याच्या शस्त्र शाखेतून पुढे सरकली असती.

१(क) साठी अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयापर्यंत जातो. तिथे 'आजोबांची आठवण' हे कारण पुरत नाही. दहशतवादग्रस्त भागात राहणं, नोकरीमुळे जिवाला असलेला धोका, अशा गरजा नियमात लिहिल्या आहेत. वारसा तुमचा हक्क सिद्ध करतो, गरज सिद्ध करत नाही. स्पष्टच सांगायचं तर परवाना मिळण्याची आशा कमी धरा. पण हत्याराचे पैसे बुडतात असं नाही. कायदेशीर वारस म्हणून जमा हत्यार ज्याला ते घेण्याचा अधिकार आहे अशा विक्रेत्याला किंवा परवानाधारकाला विकण्याची मुभा कलम २१ देतं. ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही, तर जिल्हा दंडाधिकारी नोटीस देऊन ते सरकारजमा करू शकतात. त्यामुळे पावती फाइलला लावून विसरू नका.

'नळीत शिसं ओतून निकामी केलं तर?' असंही तुम्ही विचारलंय. कलम ४५(क) खाली सूट मिळते ती दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही अशा जुन्या किंवा मोडक्या हत्याराला. शिसं वितळवून काढता येतं. शिवाय कायद्याच्या ताब्यात द्यायची वस्तू तुम्ही परस्पर बदललीत, हा प्रश्न उरतोच.

प्रश्न : ९ एमएम पिस्तूल का मिळत नाही? .३२ तर खेळणं वाटतं. आणि ऑटोमॅटिकवर बंदी आहे, मग विक्रेते .३२ ऑटोमॅटिक कसं विकतात? (मुरार)

पहिल्याचं कारण वर आलंच: ९ मि.मी. हे फौजेचं आणि पोलिसांचं काडतूस.

दुसरा घोळ शब्दाचा आहे. बोलताना आपण ज्याला ऑटोमॅटिक म्हणतो ते अर्धस्वयंचलित असतं. पहिली गोळी उडाली की पुढचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये येतं, पण प्रत्येक गोळीसाठी घोडा नव्याने दाबावा लागतो. वर्ग १(ब) मध्ये अर्धस्वयंचलित हत्यारं आहेत खरी, पण ३(अ) मधल्या पिस्तुलांना त्यातून वगळलंय. म्हणून .३२ पिस्तूल वर्ग ३ चंच.

.३२ वरून मात्र दुकानात खरी चूक होते, आणि ती खेळण्यातली नाही. रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत. कानपूरच्या आयुध कारखान्याच्या रिव्हॉल्व्हरला, आणि २०१४ मध्ये आलेल्या अर्ध्या किलोच्या 'निर्भीक'लाही, २३ मि.मी. लांब केसचं (केस म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच) काडतूस लागतं. बुडाशी ठळक कडा, तिच्यावर ते सिलिंडरमध्ये टेकतं. ईशापूरच्या 'अशनी' पिस्तुलाला लागतं ते १७ मि.मी. केसचं, कडा जेमतेम नखाला जाणवेल एवढी. धाकटं काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये सहज सरकतं, म्हणून माणूस फसतो. पण ते नीट टेकत नाही, आणि त्याचा दाब रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा जास्त असतो. केस फाटणं, अडकणं, सिलिंडरवर ताण येणं हे त्यातून होतं. खोका घेताना बोअरसोबत 'रिव्हॉल्व्हर' की 'पिस्तूल' हे शब्द वाचा. काडतुसांची खरेदी परवान्यावर चढते, आणि वर्षाला किती, एका वेळी जवळ किती हे तिथेच लिहिलेलं असतं. त्याहून एकही जास्त नको.

आणि 'खेळणं'? नेमबाजीतली २५ मीटर सेंटर फायर स्पर्धा जगभर बहुतांशी .३२ वरच खेळली जाते.

प्रश्न : सराफ्यात दुकान आहे, रोख आणि माल घेऊन ये-जा असते. रिव्हॉल्व्हरचा परवाना हवा. एजंट म्हणतो, पंचवीस लाखांची मालमत्ता दाखवावी लागते. खरं का? (सराफा)

खोटं. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं कलम १४ मध्ये लिहिलंय. एजंटला ते दाखवा आणि त्याचा चेहरा बघा.

पाहिली जाते ती गरज. वीस इंच किंवा जास्त नळीच्या बारा बोअर बंदुकीसाठी कायदा थोडा सैल आहे. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासाठी 'योग्य कारण' पटवावं लागतं. धंद्याच्या स्वरूपामुळे जीव किंवा मालमत्ता सांभाळण्याची खरी गरज, दोन वर्षांपासून रायफल क्लबचं सक्रिय सभासदत्व, किंवा संरक्षण दल-पोलिसातली सेवा, ही कारणं नियमातच आहेत. तुमचं पहिलं. म्हणून 'संरक्षणासाठी' एवढा एक शब्द लिहून थांबू नका. दुकानाची नोंदणी, जीएसटी विवरणपत्रं, बँकेत रोख भरल्याच्या नोंदी, मालाची ने-आण कोणत्या रस्त्याने आणि किती वाजता, पूर्वी धमकी किंवा लुटीची तक्रार केली असल्यास तिची प्रत, हे सगळं अर्जासोबत द्या. निर्णय देणारा अधिकारी तुम्हाला ओळखत नाही. तो कागद ओळखतो.

अर्ज फॉर्म ए-१ वर. वय २१ पूर्ण हवं. चार पासपोर्ट फोटो, जन्मतारीख, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, मानसिक स्वास्थ्यासह वैद्यकीय दाखला, हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. ठाण्याने ३० दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो आल्यापासून ६० दिवसांत निर्णय व्हायचा, असं नियम सांगतात. प्रत्यक्षात फाइल ठाण्यात बसते. महिना उलटला की शस्त्र शाखेत जावक क्रमांक विचारा आणि तो घेऊन ठाण्यात जा. 'माझी फाइल कुठे' असं नुसतं विचारलं की 'बघतो' एवढंच उत्तर मिळतं.

अडतं कुठे? आधार कार्डावर जुना पत्ता आणि अर्जात नवा. चौकशीला आलेल्या हवालदाराला शेजाऱ्याने 'ओळखत नाही' सांगणं. आणि सगळ्यात वाईट, जुनी केस लपवणं. निर्दोष सुटलात तरी फॉर्ममधल्या रकान्यात ती लिहा. सुटका झालेली केस माफ होते, लपवलेली माफ होत नाही. माहिती दडवून घेतलेला परवाना कलम १७ खाली पुढे कधीही रद्द होऊ शकतो.

नकार मिळाला तर लेखी कारणं मागा. ३० दिवसांत अपील करता येतं. जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर ते ग्वाल्हेरच्या मोतीमहालात संभाग आयुक्तांकडे. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यात परवाना हवा तर आधी दहा झाडं लावा अशी अट आली होती, ती आठवून एका वाचकाने 'रोपांची पावती जोडू का' असं विचारलंय. झाडं जरूर लावा. अधिनियमात त्याचं कलम नाही.

परवाना आता पाच वर्षांचा असतो, पूर्वी तीन होता. मुदत संपायच्या दोन महिने आधी नूतनीकरणाला टाका.

प्रश्न : सासऱ्यांचं वय ७४. त्यांना त्यांचं .३२ रिव्हॉल्व्हर हयातीतच माझ्या नावे करायचंय. दीर म्हणतात सुनेला मिळत नाही. (जीवाजीगंज)

मिळतं, ताई. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हापासून तो कायदेशीर वारसाला नामनिर्देशित करू शकतो, आणि या यादीत सून आणि जावई दोघेही आहेत. मात्र परवाना तुमचा नवा निघणार: प्रशिक्षण, वैद्यकीय दाखला, पोलीस चौकशी सगळं तुमच्या नावाने. तो हातात येईपर्यंत हत्यार सासऱ्यांच्याच ताब्यात आणि त्यांच्याच कुलपात. किल्लीदेखील तुमच्याकडे नको. इतर वारसांची नाहरकत स्टँप पेपरवर आधीच घ्या, दिरांची सगळ्यात आधी.

तुमच्या नावे आधीच दोन हत्यारं असतील तर हे तिसरं होईल, आणि २०१९ नंतर एका माणसाला दोनच चालतात. वारशाने आलेलंही त्या दोनांत मोजलं जातं.

प्रश्न : मित्राचं पिस्तूल विकत घ्यायचंय. दोघांकडेही परवाने आहेत. (थाटीपूर)

विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं, आणि कळवल्यापासून ४५ दिवस हत्यार हलवायचं नाही. तुमच्या परवान्यावर पिस्तुलाची जागा मोकळी आहे का ते आधी बघा. 'रिव्हॉल्व्हर' लिहिलेल्या परवान्यावर पिस्तूल चढत नाही.

प्रश्न : धौलपूर आणि झाशीला कामानिमित्त वारंवार जातो. रिव्हॉल्व्हर गाडीत असतं. (कंपू)

परवान्यावरचं 'क्षेत्र' वाचा. तिथे 'मध्य प्रदेश' असेल तर मुरैन्यापुढे चंबळचा पूल ओलांडलात की तुम्ही राजस्थानात, आणि दतियापुढे झाशीत शिरलात की उत्तर प्रदेशात. दोन्हीकडे तुमचा परवाना नुसता कागद. या भागातल्या लोकांची ही सगळ्यात नेहमीची चूक आहे, कारण आपल्याला धौलपूर परकं वाटतच नाही. क्षेत्रवाढीचा अर्ज करा आणि कामाचे पुरावे जोडा. मंजूर होईपर्यंत रिव्हॉल्व्हर घरच्या तिजोरीत.

राज्यातसुद्धा ते गाडीच्या कप्प्यात पडलेलं नको. अंगावरच्या होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. बदलीमुळे किंवा इतर कारणाने ३० दिवसांहून जास्त दुसरीकडे राहणार असाल आणि हत्यार सोबत असेल, तर तिथल्या अधिकाऱ्याला ३० दिवसांत कळवा. परवान्याची अट मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महाग पडतो तो परवाना जाणं.

प्रश्न : वडील अंथरुणावर आहेत. नूतनीकरणासाठी त्यांचं हत्यार मी नेऊ शकतो? (दौलतगंज)

हो. दुरुस्ती किंवा नूतनीकरणासाठी परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याने नेलेलं चालतं. पत्रात हत्याराचा क्रमांक, तारीख, कुठून कुठे आणि कशासाठी ते लिहा. मूळ परवाना सोबत ठेवा. रिकामं न्या, काडतुसं घरी. आणि वाटेत मित्राकडे चहाला थांबू नका. अधिकारपत्र कामापुरतंच असतं.

प्रश्न : मुलाच्या लग्नात वरातीत दोन-तीन बार हवेत काढले तर? ब्लँक काडतुसं वापरणार आहोत. (नया बाजार)

नाही. ब्लँकसुद्धा नाही. लग्न, धार्मिक स्थळ, सभा, समारंभ इथे कुणाच्या जिवाला धोका होईल असा बार उडवणं हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हवेत गेलेली गोळी खाली येतेच, बहुधा गच्चीवरून वरात बघणाऱ्यांवर. जत्रा, मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शाळा-कॉलेजच्या आवारात हत्यार नेणंच परवान्याच्या अटीत मना आहे. वरातीला बँड लावा.

प्रश्न : निवडणूक आली की ठाण्यातून हत्यार जमा करायला सांगतात. नाही म्हणता येतं का? (शिंदे की छावनी)

जिल्ह्याची छाननी समिती कुणाची हत्यारं जमा करायची ते ठरवते. बँकांचे सुरक्षा रक्षक आणि राष्ट्रीय रायफल संघटनेचे नेमबाज यांना सूट असते. तुमच्याकडे सबळ कारण असेल तर तोंडी हुज्जत घालण्यापेक्षा समितीला लेखी द्या. जमा करताना नळी पुसून तेलाचा हलका हात द्या आणि कापडी पिशवीत ठेवा; चामड्याचं कव्हर दमट खोलीत ओल धरतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. परत घेताना क्रमांक पावतीशी ताडून पाहा, सहीच्या आधी.

प्रश्न : १४ वर्षांच्या मुलीला एअर पिस्तूल घ्यायचंय. (सिटी सेंटर)

.१७७ बोअरचं आणि २० जूलपर्यंत ऊर्जेचं एअर पिस्तूल असेल तर परवाना लागत नाही. १० मीटर स्पर्धेचं तेच असतं. बोअर किंवा ऊर्जा त्याहून जास्त असेल तर लागतो. विक्रेता ओळखपत्र घेऊन नोंद करतो, बिल जपून ठेवा. पुढे .२२ वर गेली तर १२ वर्षांवरच्या मुलांना क्लबमध्ये, जाणत्याच्या देखरेखीखाली सराव करता येतो. तिच्या नावाचा परवाना २१ नंतरच.

प्रश्न : देवघरात दोन तलवारी आणि एक तोड्याची बंदूक आहे. दसऱ्याला पूजा करतो. (चिटणीस की गोठ)

तोड्याची बंदूक वर्ग ४ मध्ये, म्हणजे ऐतिहासिक हत्यारांत बघितली जाते. दुरुस्त करूनही उडणार नाही अशा अवस्थेत असेल तर अधिनियमाबाहेर, पण ते परवानाधारक शस्त्रकाराकडून लेखी घेऊन फोटोसह ठेवा. तलवारी वर्ग ५ मध्ये येतात. मध्य प्रदेशात १९७४ च्या अधिसूचनेने सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यावर बंधन आहे. घरातल्या पूजेला त्याची आडकाठी नाही. सीमोल्लंघनाला तलवार कमरेला लावून रस्त्यावर निघणार असाल, तर आधी ठाण्यातून लेखी परवानगी आणा.